पुण्यातील गच्चीवरची बाग : रथसप्तमी ते होळी या दिवसांतील कामे

सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरची, पश्चिमेकडे उघडी असलेली गच्ची आणि तिच्यावर ३८ कुंड्या. गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका शनिवार-रविवारी, आपण सगळ्या झाडांची छाटणी केली, कुंड्या बदलल्या आणि भरपूर खत घातले. पंधरा दिवसांत सुंदर कोवळी पालवी आली आणि एप्रिल संपेपर्यंत १४ झाडे गेली. ‘वसंतात जे जे करायला सांगतात ते सगळे मी केले, मग चुकले कुठे आणि या वर्षी काय करू?’ असा आपला प्रश्न आहे. गेली सव्वीस वर्षे मी पुण्यात घरगुती बागांची देखभाल करते आणि दर उन्हाळ्यात असा प्रश्न निदान चार-पाच घरांतून माझ्याकडे येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण केलेल्या कामांपैकी एकही काम मुळात चुकीचे नव्हते. ती सगळी कामे एकाच झाडावर, एकाच वेळी, आणि पुण्याच्या मानाने तीन-चार आठवडे उशिरा झाली, एवढेच चुकले. वसंताच्या आरंभी जोरदार छाटणी करा, कुंडी बदला, खत द्या, हा सल्ला बहुतेक वेळा थंड देशांतील बागकामातून आलेला असतो. तिथे हिवाळ्यात झाड खरोखर झोपलेले असते, मार्च-एप्रिलमध्ये जमीन हळूहळू ऊब धरते, अधूनमधून पाऊस पडतो आणि नव्या फुटीला जून येईपर्यंत दोन-तीन महिन्यांचा सौम्य काळ मिळतो. आपल्याकडे फेब्रुवारीत पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी ३२ अंश असते, मार्चमध्ये दुपारचा पारा ३६ च्या घरात जातो आणि एप्रिलमध्ये तो ४० ला टेकतो. वळवाचा पाऊस सोडला तर जूनपर्यंत थेंब नाही आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की सकाळी वाळत घातलेले जाड चादरीचे कापड दोन तासांत कडक होते. म्हणजे आपला वसंत जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा असतो आणि त्याच्या पाठीला लागूनच वर्षातला सर्वांत खडतर काळ येतो. त्यामुळे पुण्यात फेब्रुवारीतले प्रत्येक काम करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : याने हे झाड एप्रिलच्या मध्याला अधिक बळकट असेल की अधिक नाजूक?

झाडाच्या बाजूने पाहिले तर आपल्या गच्चीवर काय घडले ते नीट कळते. कुंडी बदलताना मुळांचा गोळा मोकळा केला की पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळे तुटतात. ती पुन्हा यायला तीन ते चार आठवडे लागतात. त्याच वेळी शेंडे छाटले की झाड खोडात साठवलेल्या अन्नावर नवी पालवी फोडते, म्हणून सुरुवातीला ते अतिशय तजेलदार दिसते आणि आपल्याला वाटते की जमले. पण ती पालवी जसजशी मोठी होते तसतसे तिला पाणी जास्त लागते आणि ते देणारी मुळे अजून तयार झालेली नसतात. मार्चअखेरची पहिली तापलेली दुपार ही तफावत उघडी पाडते. त्यात ताजे शेणखत किंवा मूठभर रासायनिक खत पडलेले असेल, तर उरलेली मुळेही होरपळतात. आपल्या १४ झाडांपैकी बहुतेक याच वाटेने गेली असावीत.

हे मी अनुभवाने शिकले आहे. कामाला सुरुवात केल्यावर तिसऱ्याच वर्षी कोथरूडमधील एका घरी मी कुंपणालगतच्या कुंड्यांतील १२ जास्वंदी मार्चच्या मध्यावर गुडघ्याइतक्या छाटल्या आणि मोठ्या कुंड्यांत हलवल्या. त्यांतल्या सात वाचल्या नाहीत. त्या घरच्या आजींनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, पण ती झाडे त्यांनी फांदीपासून वाढवलेली होती आणि मला ते माहीत होते. मेलेली झाडे काढताना मी प्रत्येक कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढला आणि पाहिला. पूर्वेकडच्या अंगाला थोडी तरी मुळे होती, मऊ आणि फिकट. पश्चिमेकडच्या अंगाला, जिथे काळ्या प्लॅस्टिकवर दुपारी दोन ते सहा ऊन पडत होते, तिथे तळहाताएवढ्या भागात एकही जिवंत मूळ नव्हते. होती ती तपकिरी, पोकळ, बोटाने ओढली की वरची साल निघून आत दोऱ्यासारखा तंतू राहावा अशी. त्या दिवसापासून मी फांद्यांपेक्षा कुंडीच्या भिंतीची जास्त काळजी करते. आपणही गेल्या वर्षीच्या एखाद्या रिकाम्या कुंडीतला गोळा अजून तसाच असेल तर फोडून पाहावा. हेच दृश्य दिसेल अशी माझी अटकळ आहे.

आता वेळेविषयी. मी माझ्यापुरता रथसप्तमी ते होळी असा काळ धरते. माघ शुद्ध सप्तमीपासून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत हे साधारण ३८ दिवस होतात. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो त्यात बागेपुरते तरी पुष्कळ तथ्य आहे. मात्र पंचांग पुढेमागे होते; होळी मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते त्या वर्षी मी तिची वाट पाहत नाही आणि मुळांना हात लावण्याची सगळी कामे फेब्रुवारीअखेर संपवते. मार्चचा पहिला आठवडा उलटल्यावर कुंडीबदल बंद. त्यानंतर राहिलेले काम जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर करावे, कारण थंड देशांतील वसंताचे जे गुण आहेत, म्हणजे ओल, ढगाळ हवा आणि सौम्य तापमान, ते आपल्याकडे जून-जुलैमध्ये असतात.

अर्थात यातले बरेच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. पूर्वेकडची गच्ची असती किंवा जमिनीतली झाडे असती तर मी आपल्याला आणखी दोन आठवडे मोकळीक दिली असती. जमिनीतल्या मुळांना खाली गारवा मिळतो, कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नसते. पाणी किती आणि कोणते मिळते हेही महत्त्वाचे आहे. आणि एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती म्हणजे मे महिन्यात आपण घरी असता की सुटीला गावी जाता. पंधरा दिवस कुलूप लागणार असेल आणि ठिबकची किंवा शेजाऱ्यांची सोय नसेल, तर या वर्षी छाटणी अगदीच हलकी ठेवून झाडांची संख्या वाढवणे पूर्ण टाळावे.

आपल्या यादीतल्या झाडांपैकी मोगऱ्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण फेब्रुवारीत ज्याला खरोखर कडक हाताने छाटावे असे आपल्या बागेतले हे एकच झाड आहे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, त्यामुळे जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर चार पाने आणि दोन फुले एवढेच हाती लागते. शिवाय त्याला ऊन सोसते, किंबहुना हवे असते. छाटणीपूर्वी त्याला ताण द्यावा. जमिनीतल्या वेलीला आठ-दहा दिवस पाणी तोडले तरी चालते, पण कुंडीत चार-पाच दिवस पुरे; शेंड्याची पाने सकाळीसुद्धा किंचित मलूल दिसली की ताण बसला असे समजावे, ती करकरीत वाळेपर्यंत थांबू नये. मग प्रत्येक काडी सुमारे एक तृतीयांश कापावी, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात आणि उरलेली जुनी पाने हाताने खुडून टाकावीत. पाने खुडताना ती खाली ओढू नयेत, वरच्या दिशेने मोडावीत, नाहीतर देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे नव्या फुटीचा कोंब, पानासोबत निघून येतो. वरची दोन बोटे माती खुरप्याने मोकळी करून काढून टाकावी, तेवढ्याच जागेत चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरावे आणि मगच पहिले भरपूर पाणी द्यावे. मुळांचा गोळा मात्र हलवू नये. हे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाले तर मार्चअखेर कळ्या दिसू लागतात आणि त्यानंतर लवकरच पहिली ओंजळ मिळते.

जास्वंदीला इतकी कडक छाटणी नको. फांदीचा वरचा चौथा हिस्सा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप देऊन काढावा आणि तिथे थांबावे. ज्या जास्वंदीची कुंडी बदलणे भागच आहे तिची छाटणी करू नये. फक्त कुंडी बदलावी, आठवडाभर सावलीत ठेवावी आणि शेंडे जूनमध्ये कापावेत. एका झाडाला एका हंगामात एकच धक्का द्यावा, हा नियम मी कोणत्याही घरी मोडत नाही. कुंडी बदलणे भाग आहे का, हे ओळखायची खूण अशी : पाणी घातल्यावर ते वर क्षणभरही न थांबता तळाच्या भोकातून सरळ बाहेर येत असेल आणि सकाळी भिजवलेले झाड संध्याकाळी माना टाकत असेल, तर आत मातीपेक्षा मुळे जास्त झाली आहेत. अशा झाडांना अग्रक्रम द्यावा. बाकीच्यांची वरची माती बदलली तरी वर्ष निभावते.

गुलाबाची मुख्य छाटणी पुण्यात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये होते. फेब्रुवारीत फक्त सुकलेली फुले, वाळलेल्या काड्या आणि डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, जागेच्या खालून आलेले रानटी फुटवे काढावेत. शेवंतीचा बहर संपला असेल तर ती जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून सावलीच्या कोपऱ्यात हलवावी. बुडाशी येणारे फुटवे हीच पुढच्या वर्षीची रोपे आहेत, त्यामुळे कुंडी मेली असे समजून टाकून देऊ नये. कढीपत्त्याचे शेंडे खुडले की तो पसरतो. तुळशीच्या मंजिऱ्या नियमाने काढाव्यात.

लिंबाला फुले आली आहेत आणि ती गळत आहेत, असे आपण लिहिले आहे. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा हा आंबे बहार आहे आणि या वेळी झाडाला कात्री लावू नये, कुंडी हलवू नये, जोरदार खतही देऊ नये. थोडी फुले गळणारच, तेवढी सगळी फळे झाड पोसू शकत नाही; पण गळ फार असेल तर बहुधा पाण्याची अनियमितता हे कारण असते. एक दिवस चिखल आणि तीन दिवस कोरडे, असे झाले की झाड फुले टाकते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर आहे पण मुठीत दाबून सोडली तर सहज मोकळी होते, ती अवस्था टिकवण्याचा प्रयत्न करावा. बोट दोन पेरे आत घालून पाहण्याइतके विश्वासार्ह साधन दुसरे मला सापडलेले नाही.

पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कुंड्यांच्या काठावर पांढरा थर आहे, तो बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवन वाढते तसे हे क्षार मातीत साठत जातात आणि पानांच्या कडा करपू लागतात. म्हणून फेब्रुवारीत, नळाचे पाणी बऱ्यापैकी मिळत असताना, प्रत्येक कुंडीला एकदा धुवून काढावे : वरचा पांढरट थर खरवडून टाकावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी हळूहळू, अर्धा तास लावून, तळातून निघून जाईल असे सोडावे. हे खत देण्यापूर्वी करावे, नाहीतर खतही वाहून जाते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी अनेक जण काटकसरीच्या चांगल्या हेतूने झाडांना घालतात. त्यात क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे ते फरशी पुसायला वापरावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी मात्र खुशाल घालावे.

खताचे प्रमाण मी या दिवसांत मुद्दाम कमी ठेवते. बारा इंची कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, एवढे एकदाच. शेणखत विकत घेताना हातात घेऊन पाहावे : काळसर, भुसभुशीत आणि मातीचा वास येणारे ते कुजलेले, गोवऱ्यांचे तुकडे दिसत असतील किंवा पोत्यात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते परत करावे. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या आतून मुळे खातात. मार्चच्या मध्यानंतर दाणेदार रासायनिक खत पूर्ण बंद करावे.

आता आपल्या गच्चीचे सर्वांत मोठे काम, जे छाटणीच्या कात्रीशी अजिबात संबंधित नाही. फेब्रुवारीतच कुंड्यांची जागा ठरवून घ्यावी. लक्षात घ्यावे की जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि मेच्या मध्याला तो पुण्यात दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे आज ज्या कोपऱ्यात सावली आहे तिथे एप्रिलमध्ये ती असेलच असे नाही. मोठ्या कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला लावाव्यात आणि लहान त्यांच्या आडोशाला, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे ऊन फक्त बाहेरच्या रांगेच्या भिंतींना लागते. कठड्यालगतच्या काळ्या कुंड्यांना बाहेरून चुन्याचा हात द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे. कुंड्या तापलेल्या फरशीवर थेट न ठेवता विटांच्या दोन तुकड्यांवर ठेवाव्यात; खालून वारा गेला तरी पुष्कळ फरक पडतो. पन्नास टक्क्यांची शेडनेट लावणार असाल तर केवळ डोक्यावर लावून भागणार नाही. चार वाजताचे तिरके ऊन आपल्याकडे समोरून आत येते, म्हणून पश्चिमेला पडद्यासारखी उभी पट्टी आधी लावावी. मोगरा आणि गुलाब तिच्या बाहेर राहिले तरी चालतील.

कीड या दिवसांत दोन टप्प्यांत येते. फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यांवर मावा असतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही जातो. हवा तापली की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण ही पांढरी, पिठासारखी कीड दिसू लागते आणि तिच्या आधी खोडावर मुंग्यांची रांग दिसते. ती रांग दिसली त्याच दिवशी पानांच्या बगला तपासाव्यात, कारण मुंग्या त्या किडीच्या गोड स्रावासाठी तिला जपतात आणि पसरू देतात. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घोळून सूर्यास्तानंतर फवारावे. उन्हात फवारले तर तेलाने पाने भाजतात.

भेंडी आणि गवार लावायची आपली इच्छा आहे, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतर लावावी. रात्री गार असताना भेंडीचे बी रुजत नाही, मातीत कुजून जाते. बी रात्रभर भिजवून सकाळी पेरावे. टोमॅटोची नवी रोपे मात्र आता लावू नयेत, कारण ती फुलावर येतील तेव्हा पारा ३५ च्या पुढे असेल आणि फुले गळतील.

सोसायटीत रोज पोतेभर पालापाचोळा निघतो आणि तो जाळला जातो, त्याचे काय करावे, असेही आपण विचारले आहे. तो जाळू देऊ नये आणि आपण आणावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिरीष, पिंपळ, कडुनिंब सगळेच पाने टाकतात, म्हणजे गरजेच्या नेमक्या वेळी आच्छादन फुकट मिळते. जाड पाने हाताने चुरून प्रत्येक कुंडीत दोन-तीन इंचांचा थर द्यावा, फक्त खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी सोडावी, म्हणजे बुंधा कुजत नाही. एका ग्राहकांच्या गच्चीवर मी अर्ध्या कुंड्या आच्छादून आणि अर्ध्या उघड्या ठेवून पाहिल्या होत्या. एप्रिलमध्ये उघड्या कुंड्यांना दिवसातून दोनदा पाणी लागत होते, आच्छादलेल्यांना सकाळी एकदा पुरत होते.

शेवटी त्या १४ रिकाम्या कुंड्या. नर्सरीत या दिवसांत फुललेली रोपे पाहून त्या आजच भराव्यात असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, पण ती रोपे शेडनेटखाली वाढलेली असतात आणि आपल्या पश्चिमेच्या उन्हात त्यांची तीच गत होईल. कुंड्यांतली जुनी माती काढून, ढेकळे फोडून, आतली मेलेली मुळे वेचून ठेवावी. एप्रिल-मेमध्ये ती गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर चार बोटे जाडीने पसरावी, थोडी ओलवावी आणि वरून पारदर्शक कागदाने कडा दाबून झाकावी. जे ऊन झाडांना मारते तेच इथे अळ्या, बुरशी आणि तणांचे बी मारते. चार ते सहा आठवडे पुरतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर तिच्यात एक तृतीयांश गांडूळखत मिसळून कुंड्या भराव्यात, आठवडाभर नुसत्या भिजू द्याव्यात आणि मग वीतभर उंचीची लहान रोपे आणावीत. गेलेल्या जास्वंदींसाठी तर रोपे आणायचीही गरज नाही. वाचलेल्या झाडांचे शेंडे जूनमध्ये कापायचेच आहेत, त्यांतल्याच पेन्सिलीएवढ्या जाड काड्या मातीत खोचाव्यात.